एकशे बावन्न डिग्री

मांडवी, रत्नागिरी
६ मे

प्रिय ईशा,

परिषदेसाठीचं तुझं पोस्टर मिळालं. मोबाइलवर एक अंगठा पाठवून गप्प बसता आलं असतं, पण मग तूही उलट एक अंगठा पाठवला असतास, म्हणून कागद घेतला. सांधा किती हलतो ते मोजणारं तुझं ॲप, आणि पोस्टरच्या मधोमध तुझे बाबा, माझे लवूकाका. दंडाला पट्ट्याने फोन बांधलेला, हात वर, शेजारी ठळक आकडा, १५२ डिग्री. खाली तपासणारी म्हणून माझं नाव. खरं सांगते, बघून शिसारी आली. आधी तुझ्या ॲपची, मग माझी.

डिसेंबरात काका बागेत घसरून पडले आणि त्यांचा उजवा खांदा धरला, तेव्हा व्यायामासाठी माझ्याकडेच यायचे. तू म्हणालीस, ॲपच्या अभ्यासात बाबांनाही घे. तुझ्या सूचनेत लिहिलं होतं की मोजताना तपासणाऱ्याने रुग्णाला हात लावायचा नाही, नाहीतर फोनची परीक्षा होत नाही. वा गं वा! फिजिओथेरपी करायची आणि हात लावायचा नाही. काका स्टुलावर बसायचे, हात वर न्यायचे, आणि तो अडला की कमरेतून मागे कलायचे. फोनला काय कळतंय? दंड जमिनीशी किती कोनात आहे तेवढंच त्याला ठाऊक, पाठ कुठे गेली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मी दोनदा मोजलं, आमच्या क्लिनिकमधल्या निलेशने दोनदा मोजलं. १५२, १५१, १५२, १५२. काका दरवेळी तेवढेच कलले म्हणून आकडा दरवेळी तोच आला, आणि तू त्याला विश्वासार्ह म्हणालीस. तू व्हिडिओ कॉलवर होतीस की तेव्हा! तुला आकडा दिसला, बाप दिसला नाही. मला तर कललेली पाठ चांगली दिसत होती. तरी मी आकडा उतरवला, कारण तक्त्यात पाठीसाठी रकाना नव्हता आणि तुला तक्ता संध्याकाळपर्यंत हवा होता.

मग ॲपवर हिरव्या अक्षरात 'उद्दिष्ट पूर्ण' आलं, तू आनंदाने ओरडलीस, आणि मार्चपासून काकांचं माझ्याकडे येणं बंद झालं.

गेल्या रविवारी आरे-वारेच्या वाटेवरच्या तुमच्या बागेत गेले होते. दहावीच्या सुट्टीत आपण दोघी खाली टोपली घेऊन उभ्या असायचो आणि काका लांब काठीला जाळी बांधलेली घळ वर नेऊन एकेक हापूस देठासकट जाळीत उतरवायचे, आठवतं? एकही आपटू द्यायचे नाहीत. रविवारी घळीची ती लांब काठी ते डाव्या हाताने रेटत होते. उजवा नुसता टेकवलेला, छातीच्या वर जात नव्हता. माझ्यासमोर तीन आंबे आपटले. त्यांनी ते पायाने पाल्याखाली सारले आणि चल, चहा घेऊ म्हणाले. मी चहा घेतला नाही. त्यांना कलमाच्या बुंध्याला पाठ घट्ट टेकवून बसवलं आणि पर्समधला सांध्याचा कोन मोजायचा जुना प्लास्टिकचा गोनिओमीटर काढला, ज्याला तू खेळण्यातली पट्टी म्हणतेस. तीनदा मोजलं. चौऱ्याण्णव. काही डिग्री तेव्हाच्या कलण्याच्या, बाकीच्या व्यायाम सुटल्यावर दोन महिन्यांत गेलेल्या.

तेव्हा ते बोलले. "तिच्यासमोर हात पडला असता तर गो? चार वर्षं घातलीत पोरीने त्यात. जरासा मागे कललो, माझं काय जातंय?" मला त्यांचा इतका राग आला की मी उठून विहिरीपाशी जाऊन बसले.

सोमवारी त्यांना ओढत हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. भूल देऊन सांधा मोकळा करावा लागेल, याच महिन्यात, उशीर झाला तर हात असाच राहील, असं ते म्हणाले. काका नाही म्हणतात. भुलीला घाबरणारा माणूस नाही तो. वीस तारखेला तुझं पोस्टर लागणार आणि त्याच्यावरच्याच माणसाचा खांदा टेबलावर घेतला हे कळलं तर तुझी नाचक्की होईल, एवढंच त्यांच्या डोक्यात आहे. माझं नाव मी मागे घेतलंय, तुझ्या सरांना तसं कळवलंही आहे, पण पत्र त्यासाठी नाही. तू ये. त्याच कलमाला त्यांना टेकवून बसव आणि तुझ्या हाताने त्यांचा हात वर ने. अडेल तिथे थांब, आणि तुझं यंत्र चुकलं असं तुझ्या तोंडाने त्यांना सांग. माझं ते ऐकत नाहीत. तू सांगेपर्यंत ते तुझ्यासाठी मागे कलतच राहणार.

चिडलेली, तरीही तुझीच,
मृणाली