जिना पडला, काका वर राहिले

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या नगरपालिकेतल्या भाच्याचा नमस्कार. तुझी गुडघेदुखी कमी असेल आणि राग त्याहूनही कमी असेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. काकाही ठीक आहेत, फक्त जरा उंचावर आहेत. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र शिपायाच्या हाती पाठवतोय. काका काल रात्री घरी आले नाहीत ते तुमच्या भांडणामुळे नव्हे, हे आधी सांगून टाकतो. (भांडणाचं मला कसं कळलं म्हणशील, तर भांडण झालेलं नाही असं काकांनी कुणी न विचारताच सांगितलं.)

झालं असं, की आमच्या कचेरीचा जिना पडला. काल जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली डबे खात बसलेले असताना तो आपला एकटाच कोसळला, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. वर तेवढे काका होते, कारण तू डबा दिला नव्हतास आणि ते त्यांना चारचौघांत दिसू द्यायचं नव्हतं. आम्ही रंगाऱ्याची शिडी आणून लावली. काकांनी खिडकीतून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि कचेरीच्या प्रमुखाने शिडीवरून उतरणं शोभत नाही, असं जाहीर केलं. उंचीला घाबरतात म्हण ना सरळ. (तुमच्या घरातला बल्बही तूच बदलतेस, हे मला माहीत आहे.)

समोरच्या वेल्डरकडे एक लोखंडी जिना तयार पडून आहे. कुणी बनवायला सांगितला आणि न्यायलाच आला नाही. संध्याकाळपर्यंत बसवून देतो म्हणाला बिचारा. पण सरकारी बांधकाम म्हटलं की निविदा आली, जाहिरात आली, दरांची तुलना आली, आणि तोवर काका वरच्या वर निवृत्त व्हायचे. म्हणून मी निविदेतून तातडीची सूट मागणारा अर्ज केला. अशी सूट द्यायचा अधिकार अख्ख्या कचेरीत एकट्या काकांना आहे. टोपलीला दोरी बांधून अर्ज वर पाठवला आणि तो शेरा घेऊन खाली आला, की सूट फक्त अनपेक्षित संकटासाठी असते. जिन्याला तडा गेल्याचं अर्जदाराने गेल्या वर्षीच लेखी कळवलं होतं, सबब हे संकट अपेक्षित आहे. आत्या, त्या इशाऱ्याचा मला केवढा अभिमान होता! मी जरा कामचुकार असतो, तर काका काल रात्री घरी जेवले असते.

एवढ्यावर न थांबता त्यांनी रीतसर निविदाही काढली. अट अशी, की निविदा वर त्यांच्या खोलीबाहेरच्या सीलबंद पेटीत स्वतः आणून टाकाव्यात. ठेकेदार आले, खाली उभं राहून पेटीकडे पाहिलं आणि चहा प्यायला निघून गेले. मी ही अडचण खिडकीखालून ओरडून सांगितली, तर सूचना फलकावर लागल्यावर अट बदलता येत नाही, असं उत्तर आलं. दुसऱ्याला जी सवलत दिली नाही ती स्वतःलाही घ्यायची नाही, हा त्यांचा खाक्या तुला नवा नाही. मला त्यांचा संताप येतो आणि त्यांच्याइतका आदरही कुणाबद्दल वाटत नाही. कालपासून दोन्ही एकदमच चाललंय.

संकट अपेक्षित असलं, तरी कोणाचं नुकसान होत असेल तर सूट देता येते. त्यासाठी अर्जात एक रकाना आहे, काम तातडीने न झाल्यास कोणाचे काय नुकसान होईल. मी लिहिलं, अधिकारी अडकून पडतील. काकांचा शेरा आला, अधिकारी कार्यालयात असणे हे नुकसान नव्हे. रात्री ते बैठकीच्या टेबलावर फायली उशाला घेऊन झोपले. सकाळी खिडकीत येऊन तुमच्या गल्लीतले दिवे रात्री चालू होते का, अशी चौकशी केली. मी हो म्हणालो. तर म्हणाले, "आणि घरातले?"

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जप.

तुझा भाचा

ता. क. काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि एक चादर शिपायाकडे दे.

ता. क. खरं काम वेगळंच आहे. काका घरी नसल्याने तुझं नुकसान होतंय, असं बाधित नागरिक म्हणून एका ओळीत लिहून दे. कारण काहीही चालेल. नुकसान होत नसलं तरी लिही.

ता. क. घोटाळा झाला. पत्र मी कचेरीच्या पाकिटात घातलं, आणि कचेरीचं पाकीट साहेबांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही, म्हणून शिपायाने सवयीप्रमाणे ते टोपलीत ठेवून वर पाठवलं. काकांनी सगळं वाचलं. उंचीला घाबरतात ही ओळ लाल शाईने खोडली आहे, बल्ब मात्र राहू दिलाय. पत्राबरोबर माझा अर्जही परत आला. सही नाही, पण नुकसानीच्या रकान्यात त्यांच्या अक्षरात लिहिलंय : "घरी कोणी वाट पाहत असावे. खात्री करावी."

वेल्डर हातगाडीवर जिना घेऊन उभा आहे. ही खात्री करणं माझ्या अखत्यारीत नाही, आत्या. तू ये आणि खिडकीखाली उभी राहा. येताना डबा आण. टोपली त्यांनी खाली सोडून ठेवली आहे.