पहिले सहा हजार

१४ ऑक्टोबर

तीनशे पस्तीस डॉलर गेले! चोरी नाही, दरोडा नाही — बँकेची फी.

नवरा मर्ल ज्या खतकंपनीत कामाला होता, तिनं उघडून दिलेलं ते औषधपाण्याचं बचत खातं. कंपनी होती तोवर फी कंपनी भरायची. कंपनी बंद पडली आणि फी आमच्या बोकांडी बसली — महिना पाच. वर वर्षभर महिना वीस, 'खातं वापरात नाही' म्हणून. वापरायचं नव्हतंच! मर्लच्या रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा मी खिशातून आणल्या, ते पैसे साठावेत म्हणून. आणि कागदी पत्रकाचे दोन डॉलर वाचवायला पत्रकं बंद कोणी केली? मीच. शहाणी! नऊशे ऐंशीचे सहाशे पंचेचाळीस झाले आणि मला पत्ता नाही.

मला नऊशे लागणार होते. कशाला, ते असू दे.

१६ ऑक्टोबर

बँकेला फोन. चाळीस मिनिटं पियानो ऐकला. मग एक पोरगी आली.

"मॅडम, खातं वापरलं असतंत तर दंड बसला नसता."

"म्हणजे आम्ही आजारी पडायला हवं होतं?"

"तसं नाही हो, मॅडम. आणखी काही मदत करू?"

बंद करा म्हटलं, तर त्याचेही पंचवीस! थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. आटतंही तसंच.

३० ऑक्टोबर

शाळेच्या जेवणात आज राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल. तीनशे पोरांना वाढून पाय सुजले, आणि वर ऑफिसातल्या बाईनं विम्याचं पत्रक हातात दिलं. पुढच्या वर्षीही तेच — दोघांचे मिळून वर्षाचे पहिले सहा हजार आम्ही भरायचे, मग विमा हात घालणार. एक जानेवारीला पाटी कोरी. पुन्हा पहिल्यापासून. हप्ता मात्र दर महिन्याला पगारातून आधी कापतात.

१५ डिसेंबर

मर्ल शिडीवरून पडला. नाताळचे दिवे लावत होता. खुबा मोडला.

गोठलेल्या गवतावर पडून ओरडत होता — "रुग्णवाहिका नको! जॉइसला गाडी घेऊन बोलाव!" जॉइस म्हणजे त्याची बहीण. हाड मोडलंय आणि माणूस पैसे वाचवतोय. मी ऐकलं नाही. खात्यातले उरलेले सहाशे रुग्णवाहिकेच्या बारा मैलांतच गेले, वर आणखी देणं झालं.

१६ डिसेंबर

शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न — "किती झाले?"

२२ डिसेंबर

मर्ल घरी. नणंद जॉइस ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल घेऊन आली. भांडं खाली ठेवायच्या आधीच सुरू —

"आर्डिस, तुमचे सहा हजार एका दणक्यात पुरे झाले की! आता एकतीसपर्यंत सगळं विम्याच्या खर्चानं. जे जे दुखतंय ते उरकून घे. आमच्याकडे ह्यांच्या पित्ताशयाच्या वर्षी धाकट्याच्या घशातल्या गाठी काढल्या, माझा तीळ काढला, काही म्हणून सोडलं नाही!"

मर्ल खाटेवरून म्हणतो, "बघ, पडलो तरी कामाला आलो."

हसले मी. किती दिवसांनी. मग न्हाणीघरात जाऊन रडले — नुसती त्याच्यासाठी नाही. सहा हजार आम्ही कुठून देणार देव जाणे. पण दार उघडलंय, नऊ दिवस.

२६ डिसेंबर

सुट्टी संपताच दवाखान्याला फोन केला. डाव्या स्तनात गाठ आहे. ऑगस्टपासून. मर्लला सांगितलं नाही, इथंही लिहिलं नाही. नुसती वार्षिक तपासणी फुकट. गाठ लागते म्हटलं की ती वेगळी तपासणी, तिचे नऊशे. ते नऊशे.

बाईचा आवाज फार गोड होता. "एकतीसपर्यंतच्या सगळ्या वेळा भरल्यात हो. सगळ्यांनाच वर्षाच्या आत उरकायचं असतं ना! दोन जानेवारी देऊ?"