देव गेला खोक्यात

लालबाग, १२ एप्रिल १९८३, संध्याकाळ

संपाचं दुसरं वर्ष. गिरणीचा पगार नाही म्हणून चाळीमागे तीन तलंगा, नुकत्या वयात आलेल्या कोंबड्या, पाळल्या. त्या अंडी घालायला लागल्या, पण गटाराच्या कडेला, आणि ती घुशी नेतात. घरात एकही अंडं येत नाही. गवत पसरलेल्या खोक्याकडे त्या ढुंकून पाहत नव्हत्या.

आज पूजेला बसलो तर नर्मदेचा अंडाकृती गोटा, वडिलांच्या पूजेतलं शिवाचं बाणलिंग, जागेवर नाही. सौ. शांतपणे म्हणाली, "खोक्यात ठेवलाय. अंडं दिसलं की तलंग तिथंच बसते. आमच्या मालवणात असंच करतात."

"अगं, देव आहे तो."

"मग पावू दे की."

रागवायला हवं होतं. पण ब्रह्मांडातच अंडं आहे हे पाठशाळेत शिकलेलो, तक्रार कुणाकडे करणार? शिवाय माझ्या आत काही हललंच नाही. रिकाम्या ताम्हनात पाणी सोडून उठलो. गोटा खोक्यात गेल्याचंसुद्धा मला काही वाटू नये?

संध्याकाळी खोक्यात गोट्याला खेटून लहानसं अंडं होतं. सौ.नं ते माझ्या हातात ठेवलं. अजून गरम होतं. किती वेळ धरून बसलो कोण जाणे.

"अहो, द्या इकडे," ती म्हणाली. "खायचंय ते, उबवायचं नाही."