टोकुजी जेवत नाही

५ नोव्हेंबर १९८५

डॉक्टर कुरोइवा म्हणाले, "अल्सर आहे मास्तर. जठर काढावं लागेल. घरचं कोण?" अल्सर! आमच्या आकितात रोग्याला कधी कॅन्सर होतच नाही — त्याला अल्सर, आणि खरं काय ते घरच्यांच्या कानात. मला घरचं कोण? बायको हारुए जाऊन नऊ वर्षं झाली. धाकटा टोकुजी हाकोदातेला, बोटीवर. लग्नही केलं नाही त्यानं. बाबांच्या मयतीत भांडलो ते शेवटचं. तार केली.

८ नोव्हेंबर

आला! सतरा वर्षांनी. दारातूनच, "दादा, अजून पोरांच्या कविताच पुटपुटतोस होय?" वाळलाय फार.

११ नोव्हेंबर

उद्या ऑपरेशन. सफरचंदाच्या बागांवर पहिला बर्फ. तिसरीला शिकवायचो ती बर्फाची कविता म्हणून पाहिली. दुसरं कडवं आठवेना.

१५ नोव्हेंबर

नर्स चितोसेबाईंकडून कळलं — काढलेलं जठर ट्रेमध्ये टोकुजीला दाखवलं, रिवाजाप्रमाणे. मग डॉक्टर स्वतः बसले, भोवतीच्या चरबीतून लसिकेची एकेक गाठ वेचत — रोग पसरतो तो आधी यांतच — कुठली कुठली ते नंबर लावत.

"किती निघाल्या?"

"अडतीस."

"रोग किती गाठींत?"

बाई उशी सारखी करू लागल्या. शिमादा हेडमास्तरांच्या अकरा गाठींत होता. दीड वर्ष जगले.

१८ नोव्हेंबर

टोकुजीला विचारलं. "अल्सरला कसल्या गाठी, दादा? झोप गुपचूप." डोळे खिडकीकडे. त्याच्या डब्यातला मासा तसाच. दोन घास, झाकण बंद.

२१ नोव्हेंबर

टोकुजीनंही आज नळी गिळली — पोट आतून बघायची. "तुझं ते ट्रेमधलं बघून टरकलो! आलोच आहे तर घेतो बघून." हसलो. टाके दुखले.

२४ नोव्हेंबर

आजही जेवला नाही. नुसता चहा. म्हणजे आकडा वाईट असणार. सतरा वर्षांत एक पत्र नाही, आणि आता माझ्या दुःखानं त्याच्या घशाखाली घास उतरत नाही! मरणाची भीती वाटायला हवी. पण बरंच वाटतंय. कुणीतरी माझ्यासाठी उपाशी राहतंय. हारुएनंतर हे पहिल्यांदाच.

२६ नोव्हेंबर

डॉक्टरांनी खोलीत बोलावलं. "अडतीसही गाठी स्वच्छ, मास्तर! पुष्कळ जगाल." वाकून नमस्कार केला, निघालो.

"बसा जरा." उठून दार लावून घेतलं त्यांनी. "टोकुजींच्या घरचे तुम्हीच ना?"