बिननोंदीचं कपाट

४ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर पुस्तकं बाद केली. हात काळे, नाक चोंदलेलं, डोकं एकदम स्वच्छ.

नियम मीच आखलाय आणि तो सोपा आहे. बऱ्याच वर्षांत कुणी नेलं नाही, आतला मजकूर शिळा झालाय, आणि तोच विषय दुसऱ्या चांगल्या पुस्तकात मिळतोय – तिन्ही लागू झालं की 'बाद'चा शिक्का. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या ग्रंथपाल, प्रत्येक पुस्तक माझ्या हातातून काढून घेऊन शेवटचं चाळतात आणि चाळता चाळता वाचायला लागतात.

"हे राहू दे गं."

"बाई, टाइपरायटर दुरुस्तीचं आहे."

"कुणाकडे असला तर?"

राहू दिलं. मी वाटते तितकी कठोर नाही. पण हे बाईंना कळता कामा नये, नाहीतर एकही पुस्तक बाद होणार नाही.

७ फेब्रुवारी

एक गृहस्थ वडिलांची पुस्तकं पोत्यांत भरून घेऊन आले. "आयुष्यभराचा ठेवा आहे." वरचं पुस्तक उचललं तर निम्मं माझ्या हातात आलं, निम्मं वाळवीने आधीच वाचून संपवलेलं. चार चांगली निवडली, बाकीची परत. ते दुखावले. "फुकट देतोय, तरी निवडता?" मी म्हणाले, "फुकटच्या पुस्तकालाही कपाटात जागा तेवढीच लागते."

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "बरोबर होतं तुझं. पण बरोबर बोलण्याआधी जरा 'बसा' म्हणावं."

बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "तिला सांग, चहा झाला असेल तर आण म्हणावं." आई माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांना सांग, ओट्यावर ठेवलाय." दोघांमध्ये एक पडदा, तोही पातळ. घरात मी राउटर आहे. इकडचं तिकडे पाठवते, मजकुरात ढवळाढवळ करत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आईला स्कूटर शिकायची आहे. बावन्नाव्या वर्षी! अचानकच म्हणाली, भाजी चिरता चिरता. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात घेऊन गेले. आधी सगळं तोंडी समजावलं: तोल, वेग, मागचा ब्रेक आधी का.

"तू शिकवतेयस की परीक्षा घेतेयस?"

"न समजता चालवशील का?"

"संसार केला की तसाच."

हसलो दोघी. दोनदा पाय टेकला, एकदा कुंपण टेकलं. कुंपण ठीक आहे.

१२ फेब्रुवारी

आमच्या संगणकात पुस्तकाच्या चारच अवस्था असतात – कपाटात, वाचकाकडे, हरवलेलं, बाद. आज 'हरवलेलं'ची यादी काढली आणि विषयांप्रमाणे लावली. गंमत आहे. कादंबऱ्या कुणीच चोरत नाही. कादंबरीकारांनी वाईट वाटून घ्यावं. गेलंय काय? मूळव्याध. बोलताना अडखळणं. घरातल्या माणसाची दारू कशी सोडवावी. मुलं अंथरूण ओलं करतात त्याचं. आणि घटस्फोटाच्या कायद्याचं एक निळं पुस्तक, साध्या भाषेतलं. ते तर तीनदा घेतलं आणि तीनदा गेलं.

सरळसरळ चोऱ्या, असं वाटलं होतं. मग काउंटरपाशी जाऊन उभी राहिले आणि उत्तर मिळालं. काउंटरवरच्या काकूंना पुस्तकाचं नाव मोठ्याने वाचल्याशिवाय नोंदवताच येत नाही. "मूऽळव्याध आणि तिचे घरगुती उपाय! कुणाला झाली हो?" मागे सात-आठ माणसांची रांग. तो बिचारा म्हणाला, "शेजाऱ्याला." पुस्तक तिथेच ठेवलं आणि निघून गेला.

काकूंना म्हटलं, हळू वाचा. त्या कुजबुजल्या. ते बाहेर पानवाल्यानेही ऐकलं असेल.

१८ फेब्रुवारी

ग्रंथनिवड समितीची बैठक. मी मांडलं: ही पुस्तकं चोरीला जात नाहीत, लाजेला जातात. हवी आहेत म्हणूनच हरवतात. तेव्हा ती पुन्हा घेऊ आणि वेगळ्या कपाटात ठेवू. नोंद नाही, नाव नाही, तारीख नाही. न्या, वाचा, आणून ठेवा.

आमचे सचिव सगळ्या बैठकांना टोपणाने पेन वाजवत बसतात. ते थांबलं. "म्हणजे चोरांसाठी राखीव जागा?"

"वाचकांसाठी, साहेब."

"आणि परत नाही आली तर?"

"तर माझा अंदाज चुकला."

"अंदाज तुमचा, पुस्तकं संस्थेची."

मोठ्या बाई मध्ये पडल्या. "करून बघू दे हो पोरीला. टाइपरायटरचं पुस्तक ठेवलंय तिने, मन चांगलं आहे." म्हणजे बाईंना कळलंच होतं.

निळ्या पुस्तकाचं नाव आल्यावर सचिव म्हणाले, "चौथ्यांदा? अहो, शहरातले संसार आपण आपल्या खर्चाने मोडतोय!" सगळे हसले. तरी मंजूर झालं – एप्रिलअखेरपर्यंत. एप्रिलच्याच बैठकीत माझं कंत्राट वाढवायचं की नाही तेही ठरणार आहे. सचिव उठता उठता म्हणाले, "कपाट रिकामं झालं तर दोन्ही बाद." हसून म्हणाले, पण म्हणाले.

घरी सचिवांचं वाक्य सांगितलं. आईला इतकं हसू आलं की पळी खाली ठेवावी लागली. बाबा बाहेरून: "काय झालं विचार तिला." मी वाक्य जसंच्या तसं पोचवलं. बाबा हसले नाहीत. आवाज वाढवला, टीव्हीचा.

२४ फेब्रुवारी

कपाट लागलं. जागा विचार करून निवडली – पिण्याच्या पाण्याच्या वाटेवरचा बोळ. तिकडे जायला प्रत्येकाकडे कारण असतं. समोर खिडकी नाही, टेबल नाही. आमच्या लोकांसाठी नियम तीन: बघायचं नाही, विचारायचं नाही, लिहायचं नाही. शनिवारी संध्याकाळी फक्त काय आहे, काय नाही ते पाहायचं.

काकू म्हणाल्या, "विचारायचं नाही ते समजलं. पण बघायचं पण नाही?"

"बघायचं पण नाही."

"मग माणसाने नोकरी करायची कशाला?"

२ मार्च, रविवार

आईने पाय न टेकता मैदानाला फेरी मारली. मी मागे पळत होते. एका वळणानंतर लक्षात आलं, गरज नाही.

बाबा संध्याकाळी मला म्हणाले, "या वयात हिला जायचंय तरी कुठे?" आई शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होती.

"सांग, भाजीला."

"भाजीवाला दारात येतो म्हणावं."

"सांग, म्हणूनच."

९ मार्च

कपाट अर्धं रिकामं. सचिवांना हल्ली फार तहान लागते. रोज बोळात जातात, रिकाम्या जागा बघतात आणि पाणी न पिताच परत येतात.

१७ मार्च

आणखी रिकामं. परत काहीच नाही. झोप नीट लागत नाही, हे इथे लिहायला हरकत नाही.

सचिवांनी आज वायरमनला आणला. "बोळात छोटा कॅमेरा लावून टाकू. कुणाला कळणारसुद्धा नाही." मी म्हटलं, न कळणं हाच त्यातला वाईट भाग आहे. ते म्हणाले, "तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. कोण नेतं ते समजलं तर एप्रिलमध्ये तुमच्याकडे बोलायला काहीतरी असेल."

खरं होतं ते. दोन मिनिटं मोह झाला. मग मी म्हणाले, "कॅमेरा लावायचा असेल तर कपाट आजच उचलते. आणि समितीला माझा अंदाज चुकला म्हणून कळवा."

वायरमन शिडीवरून म्हणाला, "साहेब, उतरू का? आणि ते, अडखळत बोलण्याचं पुस्तक हितं असतं का? पुतण्यासाठी विचारतोय."

मी बघितलं नाही, विचारलं नाही. पंखा तेवढा दुरुस्त करून घेतला.

२९ मार्च, शनिवार

परत यायला लागली!

मूळव्याध आली. अंथरुणाचं आलं, त्याला कुणीतरी स्वच्छ कव्हर घातलंय. दारूचं आलं. आणि त्याच्या शेजारी आमच्याच शिक्क्याची एक जुनी प्रत – जी मी यायच्या आधीपासून 'हरवलेलं'मध्ये होती. कुणीतरी इतकी वर्षं घरात ठेवून आज आणली. मोठ्या बाईंनी तिच्यावरून हात फिरवला. "बघ, आली. बाद केली असतीस तू."

"हरवलेलं बाद करत नाहीत, बाई. ते आधीच नसतं."

"तुला सगळं ठाऊक आहे," बाई म्हणाल्या आणि ती प्रत वाचायला लागल्या.

निळंसुद्धा जाऊन आलं असावं. गेल्या शनिवारी नव्हतं, आज आहे.

६ एप्रिल, रविवार

आईला शुक्रवारी परवाना मिळाला. परीक्षा घेणाऱ्याने विचारलं, कुणी शिकवलं? म्हणाली, "मुलीने. फार मारकुटी आहे." मी आयुष्यात कधी बोट लावलेलं नाही.

संध्याकाळी एकटी चौकापर्यंत जाऊन आली. तेवढा वेळ बाबा पेपर धरून बसले होते, एकच पान. "आली का?" मला विचारलं. "आली," मी म्हणाले. मग पान उलटलं.

११ एप्रिल

आज भर दुपारी आई ग्रंथालयात! हेल्मेट काखेत, केस विस्कटलेले, तोंडभर हसू. काकूंनी तिला खुर्ची दिली, मोठ्या बाईंनी स्कूटर बघायला रस्त्यापर्यंत वरात काढली. मी म्हटलं, "एवढ्या उन्हात मिरवायला आलीस?"

"नाही गं, पाणी प्यायला," म्हणाली आणि बोळात गेली.

घरचं पाणी तिला इतकी वर्षं पुरत होतं. स्कूटर आली की तहानही वाढते म्हणायची.

२६ एप्रिल, शनिवार

शेवटची पाहणी. एक सोडून सगळी कपाटात. शिवाय हरवलेल्यांपैकी तीन परतलेली. म्हणजे कपाटातून गेलं त्यापेक्षा आलंच जास्त. सगळं दोनदा तपासलं, कारण स्वतःच्या बाजूचं उत्तर आलं की मी ते आधी तपासते.

बाहेर आहे ते फक्त निळं.

३० एप्रिल

बैठक. आकडे ठेवले. सचिवांनी चष्मा वर करून वाचले, मग मुद्द्यावर आले.

"निळं गेलंच शेवटी. म्हणजे हरवलं."

"हरवलेलं नाही. वाचकाकडे आहे."

"कुठल्या वाचकाकडे?"

"माहीत नाही, साहेब. माहीत नसणं हाच तर नियम आहे."

"आणि कधी येणार?"

"त्याचं काम झालं की."

पेन बराच वेळ वाजलं. मग त्यांनीच पहिला हात वर केला. का, ते मी विचारलं नाही. कपाट राहिलं. माझं कंत्राट एक वर्षाने वाढलं. काकूंनी बातमी कुजबुजत सांगितली, सबंध रस्त्याला.

घरी बाबांनी पाठ थोपटली. "तिला सांगितलंस का?" म्हणाले. म्हटलं, तुम्हीच सांगा की. ते म्हणाले, "तू सांग." आईने मला जवळ घेतलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ सोडलं नाही.

२ मे

आई जिन्यात हेल्मेटची काच पुसत होती. वर न बघता म्हणाली, "ते तुमचं निळं पुस्तक. त्याच्यासाठी कुणी खोळंबलंय का गं? तसं असेल तर आवरते लवकर. शेवटची दोन प्रकरणं राहिलीत."

बोळ, ऊन, पाणी – सगळं एकदम जागच्या जागी बसलं. मैदानसुद्धा. मागचा ब्रेक आधी, मीच शिकवलं होतं.

विचारण्यासारखं खूप होतं. पण नियम माझाच आहे.

"घाई नाही," मी म्हणाले. "दुसरी प्रत मागवते."

"बरं," म्हणाली. स्कूटरची चावी एरवी दारामागच्या खिळ्याला अडकवायची, ती पर्समध्ये टाकली.

आतून बाबा: "काय म्हणतेय ती?"

उत्तर दिलं नाही. आज राउटर बंद.