तूर्तास मुक्काम म्हसळा

२७ जुलै, रविवार. रेवदंडा.
काल मंडळातर्फे सत्कार झाला. 'परदेशी निघालेलं गावातलं पहिलं शिक्षक दांपत्य.' शाल मला, नारळ पूनमला. शाल एकच आणली होती, त्याला माझा इलाज नाही. मी पस्तीस मिनिटं बोललो. विषय : जागतिक शिक्षण आणि कोकणी माणूस. शेवटी म्हणालो, येत्या शनिवारपासून हा चांगदेव घरत तुम्हाला रेवदंड्यात दिसणार नाही. टाळ्या पडल्या. पूनम मधेच उठून घरी गेली. बॅगेचं वजन करायचं होतं म्हणे.

सगळं नीट लिहून ठेवतो. व्हिएतनाममध्ये दा नांग नावाचं शहर आहे. तिथल्या इंटरनॅशनल स्कूलमध्ये आम्ही नवरा-बायको दोघांनी अर्ज केले. मी इंग्रजीसाठी, ती गणितासाठी. माझ्या मुलाखतीत नेट गेलं. (पंचवीस मिनिटांनी गेलं, पण गेलं.) तिची निवड झाली. तिची तयारी मीच करून घेतली होती, तेव्हा निवड तशी दोघांचीच. माझे इंग्लिश क्लासेस बंद केले, बोर्ड उतरवला. ती पुढे जाणार, मी महिनाभरात फॅमिली व्हिसावर. मागे राहून सूत्रं हलवायला कुणीतरी लागतंच.

२ ऑगस्ट, शनिवार. म्हसळा.
पूनम गेली. एअरपोर्टवर तिला अकरा सूचना दिल्या. बारावी आठवेपर्यंत ती आत गेली होती.

रेवदंड्याला परतणं शक्य नाही. जाहीर सभेत बोललोय. तूर्तास मुक्काम म्हसळ्याला, थोरल्या बहिणीकडे. मनुताई म्हणाली, "ऱ्हा की. घर तुजंच हाय." फार तर चार आठवडे.
संकल्प : घड्याळ दीड तास पुढे, दा नांगप्रमाणे. रोज दहा व्हिएतनामी शब्द. जेवण काट्या-चमच्यानं. तिथं उतरल्यावर जुळवून घेण्यात वेळ घालवणारा मी नव्हे.

५ ऑगस्ट
ताईनं जेवणाची वेळ बदलायला साफ नकार दिला. माझ्या घड्याळात अडीच वाजले तेव्हा ताट आलं. पोटात आग पडली होती. परदेशात सुरुवातीला असं होतंच.
तांदळाची भाकरी काट्यानं तुटत नाही. शब्द : चार.

१० ऑगस्ट, रविवार
पूनमचा फोन. सहा मिनिटं. शाळा छान, मुलं छान, खोली नवव्या मजल्यावर, खिडकीतून समुद्र. मी विचारलं, त्रास काय काय होतोय? म्हणाली, काहीच नाही. मी पुन्हा विचारलं. म्हणाली, खरंच नाही. मला काळजी वाटली. धक्का उशिरा बसतो, मी वाचलंय. पार्सल करायला सोडे आणि सुके बोंबील आणून ठेवलेत. तर म्हणाली, इथल्या बाजारात सगळी सुकी मासळी मिळते, नारळ मिळतो, भात तर दोन्ही वेळा. पार्सल रद्द. बोंबील ताईनं भाजले. मी खाल्ले, हातानं.

१७ ऑगस्ट
रेवदंड्याच्या ग्रुपवर रोज विचारणा. सर, कसं आहे तिकडे? श्रीवर्धनला जाऊन किनाऱ्याचा एक फोटो काढला. 'समुद्र सगळीकडे आपलाच' एवढंच लिहून टाकला. यात खोटं काही नाही. मंडळाच्या कोंडाजी अध्यक्षांचं लगेच उत्तर : "तिकडं पन सुरूची झाडं हायत व्हय? बरं वाटलं." मलाही बरं वाटलं.

२८ ऑगस्ट
घरच्या गणपतीला जन्मात पहिल्यांदाच गेलो नाही. चुलतभावानं आरतीला व्हिडिओ कॉल लावला. मागे म्हसळा दिसू नये म्हणून ताईच्या कपाटाला पाठ लावून बसलो. मोदक झाले होते. फार एकटं वाटलं. परदेशातल्या माणसाला सणासुदीला असंच वाटत असणार. तेवढा अनुभव आधीच पदरात पडला.
शब्द : बंद. सणाच्या दिवसांत अभ्यास होत नाही.

११ सप्टेंबर
फॅमिली व्हिसाबद्दल शाळेला चार मेल पाठवले होते. आज उत्तर आलं. जानेवारीत भरलेल्या फॉर्मप्रमाणे शिक्षिकेवर अवलंबून कुटुंबीय : कोणी नाही. म्हणून तिला एकटीची खोली दिली.
तो फॉर्म मीच भरला होता. आठवतंय. नवरा बायकोवर अवलंबून, असं शाळेच्या कागदावर मी माझ्या हातानं लिहून देऊ? कुठल्याही स्वाभिमानी माणसानं हेच केलं असतं. 'NONE' लिहिलं होतं, कॅपिटलमध्ये.

१२ सप्टेंबर
तहसील कचेरीजवळ अल्पेशचं झेरॉक्सचं दुकान आहे. पासपोर्ट, व्हिसा, सातबारा, सगळं करतो. म्हणाला, दुरुस्ती होते सर, फक्त लग्नाचं सर्टिफिकेट द्या.
सर्टिफिकेट नाही. लग्न झालं तेव्हाच येत्या सोमवारी जाऊन नोंदणी करणार होतो. ते २००१ साल होतं. नंतर बरेच सोमवार आले.

१६ सप्टेंबर
पुरावे गोळा करून अल्पेशकडे नेले. लग्नपत्रिका, अल्बम, रेशनकार्ड, आधार, आमच्या ऋतिकाचा जन्मदाखला. (मुलगी पुण्याला नोकरीला. तिच्याकडे दाखला मागितला तर म्हणाली, बाबा, आईला विचारलंत का?) अल्पेशनं सगळं टेबलावर मांडलं. पूनमच्या पासपोर्टच्या झेरॉक्सवर माहेरचं नाव, जागृती अंबाजी ठाकूर, कारण डिग्री त्या नावाची. पत्रिकेतही जागृती. पण आधार, रेशनकार्ड आणि ऋतिकाचा दाखला, सगळीकडे पूनम चांगदेव घरत. म्हणाला, "सर, कागदाप्रमाणं तुमची बायको इथंच हाय. तिकडं गेलीय ती वेगळी बाई हाय."

नाव मी बदललं. लग्नात सगळेच बदलतात. ताटात तांदूळ पसरले होते, अंगठीनं त्यात लिहिलं : पूनम. मला तेव्हा ते नाव आवडायचं. तिला विचारलं होतं का, आठवत नाही. बहुधा नाही. तशी पद्धतच नाही. तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवले. म्हणजे लेखी पुरावा तेवढाच होता आणि तो आम्ही खाल्ला.
आता नोंदणी करायची तर दोघांनी समोर हजर असायला हवं. ती जूनमध्ये येणार.

३० सप्टेंबर
ताई बोलली. आडून नाही, तोंडावर. "बायको गेली शिकवायला नि तू हितं उलटं घड्याल लावून बसलायस. क्लास तरी काढ म्हसल्यात." मी समजावलं की घड्याळ उलटं नाही, पुढे आहे. तिनं भांडी घासायला घेतली. घरात मी नको झालोय की काय, अशी पुसटशी शंका. अल्पकाळ टिकली.

पूनमचा मोबाइल लागत नव्हता म्हणून शाळेच्या ऑफिसात फोन केला. मिसेस पूनम हव्यात म्हणालो. अशी कुणी टीचर आमच्याकडे नाही. दोनदा सांगितलं त्यांनी. मग मी जागृती म्हणालो. "ओ! मिस जागृती!" त्या बाईचा आवाजच बदलला. मागे मुलांचा गलका. तेवढ्यात पूनम कुणाशी तरी हसत हसत लाइनवर आली आणि 'हॅलो' म्हणाली. मला आवाज ओळखू आला नाही. चांगला होता आवाज. मी आहे म्हटल्यावर नेहमीचा झाला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
म्हसळा एसटी स्टँडवर कोंडाजी समोर उभे. लपायला खांब होता, पण उशीर झाला. म्हणाले, "सर, इमान हल्ली म्हसल्याला उतरतं व्हय?" मी म्हटलं, कागदपत्रांसाठी धावती भेट. त्यांनी चहा पाजला. म्हणाले, पहिल्याच आठवड्यात गावात समजलेलं. तुम्ही भाषणात बोललात, म्हणून कुणी विषय काढला नाही. तुमच्या शब्दाचा मान ठेवला. श्रीवर्धनच्या सुरूच्या बागेत त्यांच्या पोरीचा साखरपुडा झालाय, ती झाडं ते ओळखतात.

मग म्हणाले, "पूनमवयनी खुशीत हाय. आमच्या घरवालीशी दर रयवारी तास-तास बोलते. घरी या आता. कुनी हसत न्हाय."
तास-तास. माझ्याशी सहा मिनिटं. मला वाटायचं, तिकडून फोन महाग पडत असेल.

२६ ऑक्टोबर, रविवार. रेवदंडा.
दिवाळी उरकून घरी आलो. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. क्लासेसचा बोर्ड माळ्यावरून काढला, पुसला, पुन्हा वर ठेवला. जाणारच आहे, लावून काय करू? घड्याळ दीड तास मागे घेतलं.

२३ नोव्हेंबर, रविवार
लग्नाच्या सर्टिफिकेटऐवजी द्यायच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा अल्पेशनं तयार केला. 'पूनम चांगदेव घरत व जागृती अंबाजी ठाकूर या एकच व्यक्ती आहेत.' फक्त तिची सही हवी. फोनवर वाचून दाखवला. भाषा मी सुधारली होती, तेही सांगितलं.

ती म्हणाली, सही करणार नाही. मला वाटलं, मुद्दा समजला नाही. पुन्हा वाचायला लागलो. तिनं थांबवलं. म्हणाली, "अहो, चोवीस वर्षं पूनम म्हटलं की ओ दिली. कधी तक्रार केली नाही. इथं सगळे मला माझ्या नावानं हाक मारतात. मला फार बरं वाटतं. रागावून नाही सांगत." करार आणखी दोन वर्षांनी वाढवलाय म्हणाली. कधी, विचारलं. सप्टेंबरात.

मी येऊ की नको, असं विचारलं. ती म्हणाली, या ना, सुट्टीत. पंधरा दिवस. पाहुणे म्हणून.
नेट जातंय म्हणून फोन ठेवला. नेट चांगलं होतं.

२४ नोव्हेंबर
दिवसभर राग. तिचा, अल्पेशचा, त्या शाळेचा. सायंकाळी बंदरावर जाऊन उभा राहिलो. होड्या आल्या. एकटा होतो तेव्हा म्हणून पाहिलं, जागृती. नीट जमलं नाही. सवय नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार
शाळेनं पाहुण्यांचा फॉर्म पाठवला. क्वार्टरमध्ये उतरायचं तर भरावा लागतो. स्वतःच बसलो भरायला. यजमान : मिस जागृती ठाकूर. तिचं हे नाव मी पहिल्यांदाच लिहिलं. मुक्काम : पंधरा दिवस.
मग, यजमानांशी नातं. चार पर्याय. पती-पत्नी, सर्टिफिकेट जोडा. आई-वडील. भाऊ-बहीण. फ्रेंड. अल्पेशला फोन केला. म्हणाला, "फ्रेंड टाका सर. त्याला कागद लागत न्हाय."

फ्रेंडवर खूण केली. मग काढली. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, माहिती खरी नसल्यास प्रवेश नाकारला जाईल. चोवीस वर्षांत मी तिचा नवरा होतो, तिचा गुरू होतो असं समजत होतो, तिची सूत्रं हलवत होतो. हे एक मात्र कधी नव्हतो. आठवून पाहिलं. एकदाही नाही.
तिलाच मेसेज केला : फ्रेंड लिहिलं तर चालेल का?
दोन निळ्या खुणा आल्यात. तासभर झाला. फॉर्म उघडाच ठेवलाय.