फ्लास्क ओतण्याआधी

मी, श्रीमती कौशल्या वैजनाथ पोकळे, वय ७१, सेवानिवृत्त प्रयोगशाळा सहायक, राहणार धायरी, पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असल्यास सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारावे. पाण्याच्या टाकीवरून मी त्यांच्याशी कालच भांडले आहे.

१. सहा महिन्यांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात राहता फ्लॅट मुलगा रविराज यास लिहिला होता.

२. माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून घेतलेला हा फ्लॅट, भांड्याकुंड्यांसह, मी माझी मुलगी तनुजा हिला देत आहे. रविराजने मनाला लावून घेऊ नये. त्याच्या वडिलांच्या शेताच्या बदल्यात बिल्डरने दिलेला मोठा फ्लॅट त्याच्याकडे आहेच, आणि त्याच्या गॅलरीतून सिंहगड दिसतो. माझ्या गॅलरीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात.

३. आता कारण. १९८३ साली मी कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात नवीनच लागले होते. एका प्रॅक्टिकलला फ्लास्कमधल्या जंतूंना दोन साखरा दिल्या होत्या : ग्लुकोज, आणि दुधात असते ती लॅक्टोज. जंतू वाढले की पाणी गढूळ होते. ते गढूळपण दर दहा मिनिटांनी कलरीमीटरवर मोजायचे काम माझे. रीडिंग भराभर चढले आणि थांबले. दहा मिनिटे, वीस मिनिटे, तेच. मला वाटले, मेले. मी फिनाईल ओतले आणि फ्लास्क धुऊन पालथा घातला.

सर चहा घेऊन आले. म्हणाले, "पोकळेबाई, मेले नव्हते हो ते. ग्लुकोज संपलं होतं. ते असेपर्यंत लॅक्टोज पचवायची जनुकं बंदच ठेवतात, उगाच कशाला राबायचं? आता ती चालू करत होते. अर्धा तास थांबायचं होतं." मग सगळ्या वर्गासमोर, "रीडिंग घेणं तुमचं काम, अर्थ लावणं आमचं." आधीच्या वाक्यांबद्दल मी त्यांची ऋणी आहे. शेवटच्या वाक्याबद्दल त्यांना माफ केलेले नाही, याची येथे नोंद असावी. पुढे निवृत्तीपर्यंत दरवर्षी मी ते रीडिंग थांबताना पाहिले, आणि दरवर्षी थांबून पुन्हा चढतानाही पाहिले.

४. तनुजा अकरा महिन्यांपूर्वी संसार मोडून नाशिकहून परत आली. दिवसभर खिडकीशी बसून असते. मी तिला काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. ते आधीचे मृत्युपत्रही त्याच रागात केले. या दिवाळीत रविराज जेवता जेवता सहज म्हणाला, "तिचं आता काही व्हायचं नाही, आई. संपली ती." तेव्हा मला फिनाईलची बाटली धरलेला माझाच हात आठवला. जंतूंसाठी मी दरवर्षी थांबले, पोटच्या पोरीसाठी थांबले नाही. तनू, माझे चुकले.

५. "आता पुढे काय?" हा प्रश्न तनुजाला आजपासून कोणीही विचारू नये. रविराज, नातेवाईक आणि सेक्रेटरी, सर्वांना हे बंधनकारक आहे. वकील म्हणाले, हे कलम कोर्टात टिकणार नाही. न टिको.

६. कॉलेजच्या भंगारातून मी विकत घेतलेला कलरीमीटर रविराजला द्यावा. सुई अजून चालते. ती हलत नसेल तेव्हा त्याने घाई करू नये.

७. ज्या अलार्मच्या घड्याळावर मी दहा-दहा मिनिटे मोजली ते तनुजाला. हे माझ्या पश्चात द्यायचे होते. पण एवढे लिहून होते तोच तिने आतून विचारले, "आई, तुझं ते अलार्मचं घड्याळ चालतं का गं? उद्या सातची स्वारगेटची बस धरायचीय."

म्हणून ते किल्ली देऊन आजच तिच्या हाती दिले. कुठे जायचे आहे, हे मी विचारले नाही. पाचवे कलम मलाही लागू आहे.

सही : कौशल्या वैजनाथ पोकळे

बाईंनी आम्हा दोघांदेखत सही केली, आणि आम्ही त्यांच्यादेखत :
१. मेहजबीन मकबूल तांबोळी, शेजारी
२. डॉ. ऋषी दत्तोबा रायकर

ठिकाण : धायरी, पुणे
दिनांक : २२ नोव्हेंबर २०२५